आधी पाणी, मग पायवाट

राधानगरी

चि. मृणाल हिस,


शहरालगतच्या टेकडीवर मोठं निसर्ग उद्यान करायचं काम तुझ्याकडं आलं, फार बरं वाटलं. आराखडा पाहिला. देखणा आहे, पण त्यात माणसं कुठून चालणार हे आधी ठरलंय आणि पाणी कुठून जाणार हे मागाहून. हा क्रम उलटा कर.

आपल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तू लहानपणापासून पाहतेस. पातळी भरली की पाण्याच्या दाबानंच दार उघडतं. पायवाटही तशीच आखावी. पाण्याशी भांडू नये, त्याला वेळेवर वाट द्यावी.

उतारावर नाकासमोर चढवलेली वाट चार पावसाळ्यांत ओहोळ होते. म्हणून ती डोंगराच्या अंगानं तिरकी ने. चढ दहा फुटांना एक फूट, त्याहून जास्त शक्यतो नको. टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून तर नकोच. नाहीतर पाणी वाट ओलांडायचं सोडून वाटेनंच धावतं. दरीकडच्या बाजूला फुटाला अर्धा इंच ढाळ ठेव. मधूनमधून वाट थोडी उतरवून पुन्हा चढव, म्हणजे त्या खोलगटातून पाणी बाहेर पडेल. डोंगराकडं नुसतं गटार काढलंस तर ते पाल्यानं तुंबणारच. प्रवेशाजवळ मात्र चाकाच्या खुर्चीसाठी एक वाट बारास एक चढाची, मधे सपाट थांबे असलेली, हवीच.

आता वाटा किती? थोड्याच. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखलं. १९८५ ला राधानगरी अभयारण्य म्हणून ते साडेतीनशे चौरस किलोमीटरवर गेलं. तरी पर्यटकाला त्यातल्या मोजक्याच वाटा खुल्या, पावसाळ्यात त्याही बंद. तुझ्या टेकडीवर कातळ असेल तर तो आधी वगळ. आपल्या कातळाच्या सड्यावर श्रावण-भादव्यात सीतेची आसवं फुलतात ती बोटभर मातीत. ती माती तुडवली की फुलं गेली.

जमीन खराब आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखव. तिथं पूर्वी कचऱ्याचा डेपो होता.

आणि एक. उद्घाटनाला पैसा मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. पावसाळ्यानंतर वाटा सारख्या करायचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच वेगळा दाखव. त्याला कात्री लागली, तर वाटांची लांबी कमी कर. पण देखभाल सोडू नकोस.

तुझा,
मामा