मनाला पटलं, कागद पटला का?

सॅम्पल फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं, बाल्कनीतून वारा आला, ‘हेच आपलं घर’ असं वाटलं आणि तिथल्या तिथे टोकनचा चेक फाडला. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत दर शनिवार-रविवारी हेच चालतं. वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेणारी माणसं विचारतात काय, तर स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ, पझेशन कधी. जमीन कोणाच्या नावावर आहे, मंजुरी किती मजल्यांना आहे, हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही. ‘ओळखीतला बिल्डर आहे, बरं दिसत नाही.’ हा भिडस्तपणा आपल्याला फार महागात पडला आहे.

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली. वास्तुविशारद संदीप पाटील यांच्या याचिकेनंतर नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. इथल्या रहिवाशांना बेफिकीर म्हणणं अन्याय होईल. रेराचा नंबर होता, रजिस्ट्रेशन झालं होतं, अनेकांना कर्जही मिळालं होतं. पण नंबर खरा आणि त्याच्या मुळाशी असलेली परवानगी खोटी, असं असू शकतं. दस्त नोंदवला म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही.

म्हणून तपास मुळापर्यंत न्यायला हवा. ज्या बांधकाम परवानगीची प्रत दाखवतात, तिचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि ती तिथूनच निघाली आहे का, हे लेखी विचारायचं. सातबारा आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून पाहून घ्यायचा, बिल्डरने सुचवलेल्या नव्हे. नोंदणीकृत करार होण्याआधी घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार बेकायदा आहे; तशी मागणी झाली तर तिथेच थांबायचं.

मग मनाचा कौल टाकाऊ का? मुळीच नाही. फक्त त्याच्या दोन बाजूंना सारखं वजन देऊ नये. मनात शंका आली तर ती खुशाल ऐकावी, कारण ती आपली असते. भुरळ मात्र बहुतेक वेळा समोरच्याने मांडून ठेवलेली असते: दिवे, फर्निचर, ‘आज बुक केलं तरच हा रेट’. मन भरलं की तपासणी दुप्पट करावी.

एप्रिल 2013 मध्ये शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून 74 जीव गेले. कागद तपासणं ही हौस नाही. त्या छताखाली आपली लेकरं झोपणार आहेत.

महापालिकेने प्रत्येक खरी परवानगी नकाशासह संकेतस्थळावर टाकावी आणि बांधकामाच्या फाटकावरही लावायला लावावी. हे व्हायला वेळ लागेल. तोवर एक दिवसाची रजा टाका, त्याच इमारतीत घर पाहणाऱ्या आणखी चौघांना सोबत घ्या आणि नगररचना विभागात दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.