उंबऱ्याचा रंग

हिरण्यकश्यपूला वर होता की त्याला मरण घरात येणार नाही आणि घराबाहेरही नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. नरसिंहाने त्याला तिन्हीसांजेला उंबरठ्यावर गाठले. म्हणजे परंपरेने उंबरा ही तिसरीच जागा मानली.

मग त्या जागेचा रंग कोणता?

जुन्या मराठी घराने उत्तर मातीतून काढले. दाराशी शेणाचा सडा, गेरूवर पांढरी रांगोळी, उंबऱ्याला हळदकुंकू. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस झालेली माती. आजच्या सायीच्या, बदामी, मातकट छटा त्याच कुळातल्या. पांढऱ्यात थोडी पिवळी माती आणि गेरू मिसळला की त्या उतरतात.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. तिथल्या वाशी-नेरुळच्या इमारतींत अंगण गेले, ओटी गेली. उरले जिन्यासमोरचे दार आणि आतला अरुंद, बिनखिडकीचा बोळ. तिथे शुभ्र भिंत ट्यूबलाइटखाली निळसर, परकी वाटते. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात घरे सामाईक अंगणांभोवती मांडली. तिथे माणूस टप्प्याटप्प्याने आत येतो. फ्लॅटमध्ये ते काम भिंतीच्या रंगाला करावे लागते.

पावित्र्य रंगात नसते, आल्यागेल्याला थांबवून ‘या’ म्हणण्यात असते. पण बदामी भिंत ते ‘या’ आधीच म्हणून ठेवते, हे खरे. म्हणून रंगाचा डबा विकत घेण्यापूर्वी नमुन्याचा हातभर पट्टा दाराच्या आत लावा आणि तो दिवेलागणीला पाहा.