गोलू थांबतो!

ताळेबंद मांडणं हा बँकेतल्या कारकुनाचा धर्म. मग तो व्हिडिओ गेमचा का असेना! पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. असुर गोलूला पळवतात आणि सर्कशीत वाढलेली त्याची बहीण राजी त्याला सोडवायला निघते. त्रिशूळ मिळतो साक्षात दुर्गेकडून. आमच्याकडे साधं पेनसुद्धा दोरीला बांधलेलं असतं!

जमेला राजस्थानी धाटणीचे महाल आणि छायाबाहुल्यांतून रंगणारी गोष्ट. नावे बाजूला तीच ती मारामारी, पाच-सहा तासांतच आटपणारा खेळ आणि अर्धवट वाटणारा शेवट.

पण खरी भानगड नीतीची आहे. राजी मेली, की मागच्या टप्प्यावरून पुन्हा उभी! मग तिला शूर म्हणायचं का? ज्याची शिल्लक कधी संपतच नाही, त्याच्या दानाचं कौतुक ते काय? माझ्या मते तिला चिवट म्हणावं. तेही काही थोडं नाही.

त्याहून मोठी सवलत वेगळीच. तुम्ही शंभरदा मरा, मध्येच जेवा, झोपा. गोलू तेवढाच लहान राहतो. इकडे जळगावच्या नोकरदाराची आई धुळ्याला असते. वाटेत एरंडोल, पारोळा. सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. 'पुढच्या रविवारी नक्की येतो' असं तो फोनवर सांगतो, आणि आई रविवारागणिक म्हातारी होत जाते.

तेव्हा मंडळी, खेळा खुशाल. धुळ्याची एसटी मात्र पहिल्याच डावात पकडा!