फेजरला जीपीयू लागत नाही

बस. फोन उलटा ठेव टेबलावर. त्यावर काय उघडं आहे ते मला माहीत आहे.

काल तुझ्या वडिलांचा फोन आला होता. दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. आधी माझी तब्येत विचारली, मग ऊन किती वाढलंय ते सांगितलं, आणि मग चाचरत म्हणाले, "सर, ते आरटीएक्स म्हणजे नक्की काय असतं? त्याच्याशिवाय इंजिनिअरिंगचा अभ्यास होत नाही म्हणतो पोरगा. पतसंस्थेचा फॉर्म आणून ठेवलाय. दोन जामीनदार लागतात, एक मिळालाय."

तीस वर्षं बेसिक इलेक्ट्रिकल शिकवतोय मी. त्या माणसाला उत्तर देताना माझी जीभ अडखळली. आरटीएक्स म्हणजे ग्राफिक्स कार्ड, जीपीयू, ते मला ठाऊक आहे. त्याच्याशिवाय अभ्यास कसा होत नाही, ते ठाऊक नव्हतं. ते तुझ्याकडून समजून घ्यावं म्हणून बोलावलं. हं, सांग.

गप्प का? कँटीनमध्ये तर याच विषयावर तास घेतोस म्हणे.

बरं, मीच बोलतो. पहिल्या सेमला दोन केट्या लागल्या, दोन विषय राहिले. निकालाच्या दिवशी जिन्यात भेटलास आणि मी काही विचारायच्या आत म्हणालास, "सर, लॅपटॉप नव्हता ना." एक केटी सी प्रोग्रॅमिंगची. तिथे हे कारण निदान ऐकायला तरी बरं वाटतं. पण दुसरी माझ्या विषयाची आहे. फेजर डायग्राम काढायला काय लागतं रे? पेन्सिल, पट्टी, कोनमापक. त्याला कितीचा जीपीयू लावतात? किती जीबीचा? नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण अंगण वाकडं म्हणायला तरी आधी अंगणात उतरावं लागतं. तू ओट्यावरूनच ओरडतोयस.

आता तुझ्या थांबण्याची हजेरी घेतो. तारखा चुकल्या तर सांग, तारखा तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

जून २०२५. सीईटीचा निकाल लागला. तू म्हणालास, प्रवेशाचे कॅप राउंड होऊ देत, कॉलेज कळू दे, मग लॅपटॉप. शहाणपणाचं बोललास. तेवढंच एक. जुलैत १२ ते १४ प्राइम डे. तेव्हा तुझं गणित असं, की ५०५० कार्डाचे लॅपटॉप नुकते येतायत, म्हणजे ४०५०चे भाव पडणार, थांबू. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करायची घोषणा झाली आणि तू व्हरांड्यात उड्या मारल्यास. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. एसी, मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर आले. आणि लॅपटॉप? तो आधीही १८वर होता, नंतरही १८वरच राहिला. त्यावर कर किती आहे हे बघायला दोन मिनिटं लागतात. तू पाच आठवडे थांबलास. दुसऱ्याच दिवशी, २३ला, दोन्ही मोठ्या वेबसाइटींचे सेल उघडले. वर्षातला सगळ्यात मोठा बाजार. घेतलास? "दिवाळीला अजून उतरेल सर." बाजारात तुरी! दिवाळी गेली. मग ब्लॅक फ्रायडे. तो कुणाचा सण आहे ते सोड.

आणि मग रॅम महागली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा ओढून घेतल्या, कारखान्यांनी माल तिकडे वळवला. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल नावाचा आपला दुकानात मिळणारा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. हे सगळं तूच मला सांगितलंस, जिन्यावर उभं राहून, अगदी तळमळीने. आठवतं? मी विचारलं, मग आता? तर म्हणे जानेवारीत लास व्हेगासला सीईएसचं प्रदर्शन आहे, नवीन कार्ड येईल. सीईएस झालं. एनव्हिडियाने तिथे नवं गेमिंग कार्ड आणलंच नाही.

मार्च उजाडला. नऊ महिने झाले. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो. तुझा लॅपटॉप अजून कार्टमध्येच आहे.

माझ्या वडिलांनी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावला होता. तेव्हा पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, आकुर्डीहून गाडी निघेल तेव्हा खरी. पण त्या वाट बघण्यात ते रोज सायकलवरून कचेरीत जात होते. स्कूटर नाही म्हणून कामाला दांडी मारली नाही त्यांनी. तुला कोण थांबवतंय? दुकानं उघडी आहेत, माल पडलाय. तुला लॅपटॉप नकोच आहे. तुला वाट बघणं हवंय. लॅपटॉपची वाट बघणाऱ्याला कोणी अभ्यासाला बस म्हणत नाही, म्हटलं तरी त्याच्याकडे उत्तर तयार असतं. फुकटची सोय आहे ती.

तुझी ती एक्सेल शीट. हो, पाहिली मी, लपवू नकोस. एक्केचाळीस मॉडेलं. पडद्याचा उजेड किती निट्स, रिफ्रेश रेट किती, रॅमचा स्लॉट मोकळा आहे की रॅम बोर्डावर डकवलेली आहे, अडॅप्टरचं वजन किती. अडॅप्टरचं वजन! खरं सांगतो, फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टात मला असं काम बघायला मिळत नाही. त्यात तू एक रकाना केला आहेस, टीजीपीचा. ४०६० नावाचं एकच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालवतात, दुसऱ्यात ११५वर. खोक्यावर नाव तेच, आणि काम मात्र कुठल्या कुठे. हे मला तू शिकवलंस. कंपनी हे का करते, पातळ लॅपटॉपमधून उष्णता बाहेर का पडत नाही, सगळं नीट समजावलंस. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की पोरगं हुशार आहे.

आणि पेपरात काय केलंस? पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर का आणि कसा जोडतात. सोपा प्रश्न. वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांतला फरक कळला की निम्मं उत्तर झालं. तू पान कोरं ठेवलंस. वॅट म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याने वॅटचा प्रश्न सोडला! एखाद्या मठ्ठ पोराने सोडला असता तर मी हाक मारून बसवलं नसतं त्याला, चहा पाजून पाठवलं असतं. तुला चहा नाही.

आणखी एक. ती शीट कशावर केलीस? रूममेटच्या लॅपटॉपवर. बरोबर? इतके महिने त्याचा लॅपटॉप तुझ्या शीटला मिळाला. सीच्या एका प्रोग्रॅमला मिळाला नाही?

लॅबचं रजिस्टर मागवलं होतं मी. अख्ख्या सेममध्ये तुझ्या नावापुढे चार सह्या आहेत. त्यातली एक भलत्याच अक्षरात आहे, ती कुणाची ते मी विचारत नाही. लॅब साडेपाचपर्यंत उघडी असते. मशीनं जुनी आहेत, मान्य, पंख्यांचा आवाज येतो. पण सी भाषा १९७२च्या आसपास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, तेव्हा त्यांच्या पीडीपी-११ला मेमरी किती होती? २४ केबी. जीबी नाही, एमबी नाही. तुझ्या डीपीचा फोटोसुद्धा मावला नसता त्यात. त्यात त्यांनी भाषा घडवली. तुला तीत बेरजेचा प्रोग्रॅम लिहायला सव्वा लाखाचं मशीन लागतंय. पॉइंटर कळला नसेल तर तो १६ जीबीतही कळत नाही रे. सेगमेंटेशन फॉल्ट तिथेही येतो, फक्त जरा लवकर येतो.

मशीन लर्निंग शिकणार आहेस म्हणून घरी सांगितलंस, तेही कळलं मला. शीक की. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडतं, त्यात वापरायला जीपीयू फुकट मिळतो, १६ जीबी मेमरीचा. तुझ्या शीटमधल्या निम्म्या लॅपटॉपांच्या कार्डाला ८ जीबीसुद्धा नाही. कधी उघडून पाहिलंस? एकदा तरी?

नाही पाहिलंस. कारण प्रश्न मशीन लर्निंगचा नाहीच. आता वर बघ आणि खरं बोल.

तुला गेम खेळायचे आहेत.

झालं! एवढं बोलायला नऊ महिने लागले. अरे, त्यात पाप काय आहे? मी दर रविवारी सकाळी पत्ते कुटतो, पण बायकोला 'प्रोबॅबिलिटीचा अभ्यास करतोय' असं सांगत नाही. व्हॅलोरंट खेळतोस ना? तो साध्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवरही चालतो, तुझ्या रूममेटच्या मशीनवर रात्री दोन वाजता चालतो तसा. आणि जीटीए सिक्ससाठी म्हणत असशील, तर तो जाहीर झालाय प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर, १९ नोव्हेंबर २०२६ला. पीसीसाठी तारीखच दिलेली नाही. ज्या गेमसाठी बापाला जामीनदार शोधायला लावलंस, तो त्या लॅपटॉपवर येणार कधी हेही तुला सांगता येत नाही. शीटमध्ये याचा रकाना नव्हता वाटतं?

बापाशी खोटं बोललास ते वाईटच. पण त्याहून मला दुसरं टोचतं. ते खोटं तुझं तुलाच खरं वाटायला लागलंय. जिन्यात "लॅपटॉप नव्हता ना" म्हणालास तेव्हा तुझ्या डोळ्यांत शरम नव्हती. खरंच वाटत होतं तुला तसं.

कधी घ्यायचा म्हणून विचारतोस ना सगळ्यांना? मला कधीच विचारलं नाहीस, कारण उत्तर मिळालं असतं. तू मेकॅनिकलचा. सॉलिडवर्क्स हातात येईल ते दुसऱ्या वर्षात. तेव्हा शंभर-दोनशे पार्टांची असेंब्ली पडद्यावर फिरवताना ग्राफिक्स कार्ड खरंच उपयोगी पडतं, हे मी नाकारत नाही. काम ज्या सोमवारी अडणार, त्याच्या आदल्या शनिवारी मशीन घ्यायचं. त्याच्या आधी घेतलेलं हौसेचं, आणि हौसेला कर्ज काढायचं नसतं. तिसरं सेम जुलैत सुरू होईल. तेव्हा जो भाव असेल तो. रॅम अजून महागलेली असली तरी तोच. १६ जीबी, एक स्लॉट मोकळा, शीटमधली वरची तीन नावं, दुकानात जाऊन कीबोर्डावर बोटं फिरवायची, घ्यायचा. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानात. आणि बिल हातात पडलं की त्याच संध्याकाळी ती शीट उडवायची. पुढच्या आठवड्यात पाच हजारांनी उतरला तर उतरू दे. तो उतरतोच. दरवर्षी कुठल्यातरी आठवड्यात उतरतो.

आणि नो कॉस्ट ईएमआयचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज सवलतीच्या पोटात दडवलेलं असतं, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा कापतात. तुला एक्सेल येतं. मांडून बघ.

हौसेचा पैसा हवा असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कमव. दुकानात बस वडिलांच्या. साध्या लॅपटॉपपेक्षा जो जास्तीचा पैसा लागेल तो तुझा, बाकीचा त्यांचा. मग कार्ड ३५ वॅटचं घे की ११५चं, मी विचारणार नाही.

फॉर्म पतसंस्थेत देऊ नका, असं मी त्यांना सांगितलंय. दुसरा जामीनदार शोधू नका, जुलैपर्यंत थांबा, केट्या सुटतायत का बघू म्हटलं. का ते विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही. ते तू सांगायचंस. आज रात्री, नऊनंतर, दुकानाचं शटर पडल्यावर. मेसेज टाकायचा नाही, फोन करायचा.

आणि मंगळवारी तीन वाजता लॅबला ये. असिस्टंटना सांगून ठेवलंय. दुसऱ्या ओळीतलं चौथं मशीन. त्याचं 'एन'चं बटण जरा जोरात दाबावं लागतं. बाकी सगळं चालतं.