भिंतीपलीकडचा डग्गा

घरच्या स्टिरिओला सबवूफर जोडावा का, हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा आणि जागेचा वाटतो. माझ्या मते तो शेजारधर्माचा आहे.

आधी सबवूफरची बाजू ऐकू. फळीवर मावणाऱ्या चार-पाच इंची स्पीकरमधून साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालचा आवाज फारसा निघत नाही. डग्ग्याची घुमार, पखवाजाची भरदार थाप, बास गिटारचे खालचे सूर यांतलं बरंच काही वाटेतच गळून जातं. सबवूफर नीट जुळवला की तो वेगळा ऐकू येत नाही, फक्त गाण्याला पाया मिळतो. त्यामुळे बासची आवड म्हणजे नुसता धांगडधिंगा, असं म्हणणाऱ्यांनी गाणं अर्धंच ऐकलेलं असतं.

अडचण पुढे आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी भरते साडेआठ मीटर, म्हणजे सुमारे २८ फूट. आपली खोली दहा बाय बारा. खामगाव, चिखली, मेहकरच्या जुन्या वस्तीत दोन घरांना मिळून एकच भिंत असली, की ती भिंत गायकाचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण बास अडवू शकत नाही. म्हणजे शेजाऱ्याकडे आपलं गाणं जातच नाही. शब्द नाहीत, चाल नाही, नुसती धप धप जाते. मांडणीवरची भांडी थरथरतात, वर टिनपत्रे असतील तर तेही. शिवाय इतक्या खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. त्रास होतोय हे त्याला समजतं, कुठून होतोय ते नाही.

आपलं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या नाकापाशी संपतं, असं आपण सहज म्हणतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये याच अंगाने विचार मांडला: दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाला मोकळीक हवी. पण हात कुठवर पोचला ते दिसतं, बास कुठवर पोचला ते दिसत नाही. एकाच खोलीत काही जागी बास जवळपास नाहीसा होतो आणि भिंतीलगत दुप्पट वाटतो. आपल्या खुर्चीत बसून ‘एवढा काही मोठा नाही’ म्हणणं म्हणूनच भरवशाचं नाही.

मग कायद्याने ठरवावं का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. पण हे मोजमाप होतं ‘ए’ पद्धतीने. हळू आवाजात माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणून ही पद्धतही तो कमी धरते. ५० हर्ट्झचा ८० डेसिबलचा आवाज मीटरवर सुमारे ५० दिसतो. कान या हिशेबाला एक वेळ राजी होईल, छातीत बसणारा धक्का आणि खणखणणारी वाटी होत नाही. आपण नियमात बसू शकतो आणि तरीही शेजाऱ्याची झोप मोडू शकतो.

आणि त्याची झोप कधीची असते? नियमातली रात्र दहाला सुरू होते. आपल्या जिल्ह्यात शेतीपंपाची लाइन पाळीपाळीने येते, कधी रात्रीची. हरभऱ्याला रात्रभर पाणी देऊन आलेला माणूस दुपारी झोपतो. त्याची रात्र कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. ती फक्त शेजाऱ्याला माहीत असू शकते.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: ‘वरातीत, मिरवणुकीत डीजे दणाणतो तेव्हा कोण बोलतं? मग माझ्या छोट्या डब्यावरच डोळा का?’ तक्रार अगदीच खोटी नाही. डीजेचा त्रास मोठाच आहे. पण वरात पुढे निघून जाते, सबवूफर रोज तिथेच असतो. शिवाय गर्दीपुढे आपलं काही चालत नाही; घरातलं बटण मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. जिथे आपलं चालतं, तिथली जबाबदारी आपली.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच आहे. शेजारी तक्रार करत नाही, याचा अर्थ आपण ‘त्रास नाही’ असा लावतो. पण भाडेकरू घरमालकाला काय बोलणार? ज्याच्या गाडीवरून आपला मुलगा कॉलेजला जातो, तो संबंध कशाला बिघडवेल? एकटी राहणारी म्हातारी बाई कोणाकडे जाणार? लहान गावात माणसं एकमेकांना धरून राहतात आणि त्यासाठीच पुष्कळ काही गिळतात. गप्प राहणं हा होकार नव्हे. पुष्कळदा तो फक्त संबंध टिकवण्याचा खर्च असतो, आणि तो एकटा शेजारीच भरत असतो.

म्हणून सबवूफर जरूर घ्या. कोपऱ्यात आणि सामाईक भिंतीला लावून ठेवू नका, तिथे बास फुगतो. आवाजाचं बटण बेताचं ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावायला सांगा आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसा. तिथे ‘त्रास होतो का?’ असं मात्र विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘नाही ना भाऊ, वाजू द्या.’ त्याऐवजी विचारा, ‘कोणत्या वेळी बंद ठेवू?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला माणसाला संकोच वाटत नाही.