गोठ्यातला टँकर

नाताळ जवळ येऊ लागला की वसईतील गावागावांत तरुणांची लगबग सुरू होते. गवत, बांबू, गोणपाट, माती, रंग यांची जमवाजमव होते. दिवसभर नोकरीत किंवा महाविद्यालयात असलेली मुले-मुली रात्री जागून ख्रिस्तजन्माचा गोठा उभारतात. आपल्या समाजाने तरुणांच्या हाती पूर्णपणे सोपवलेली कला बहुधा ही एकच. तिच्याविषयी एक प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात घर करून आहे. तो माझ्याच एका चुकीतून निर्माण झाला, म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

मी तेव्हा ज्या धर्मग्रामात होतो, तेथील एका आळीच्या तरुणांनी आपला गोठा भराव टाकून बुजवलेल्या बावखलाच्या काठी मांडला होता. पवित्र मरियेला त्यांनी आपल्या आज्यांसारखे लाल लुगडे नेसवले होते. योसेफ हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा होता. तीन राजांच्या हातांत सोने, ऊद व गंधरस यांच्या जागी भाताचे बियाणे, मूठभर माती आणि पाण्याचा तांब्या होता. मागच्या पडद्यावर तुडुंब भरलेले बावखल आणि फिरता रहाट रंगवला होता. तो रहाट त्या मुलांनी कधी पाहिला नव्हता. घरातल्या म्हाताऱ्यांकडून केवळ ऐकला होता.

काही वडीलधारी मंडळी माझ्याकडे आली. “फादर, हा गोठा आहे की मोर्चा?” त्यांचा सवाल होता. वाद नको म्हणून मी मुलांना बोलावून सांगितले, “बघणाऱ्याचे लक्ष बाळ येशूकडे गेले पाहिजे. टँकर आणि हंडे तेवढे काढून टाका.” मुलांनी हुज्जत घातली नाही. पुढच्या वर्षी त्याच आळीत कापसाच्या बर्फाने झाकलेला एक सुबक गोठा उभा राहिला. त्याला बक्षीस मिळाले आणि ते माझ्याच हस्ते देण्यात आले. बक्षीस घेताना एका मुलीने हळूच विचारले, “फादर, वसईत बर्फ कधीच पडला नाही, तरी तो चालला. टँकर तर रोज येतो. तो का नाही चालला?”

मला उत्तर सुचले नाही.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप क्षुल्लक होता असे मी आजही म्हणणार नाही. गोठा साऱ्या गावाचा असतो. गुडघे टेकून दोन क्षण शांत बसावे म्हणून जो भाविक तेथे येतो, त्याच्या शांततेलाही हक्क आहे. भक्तीच्या जागेचा उपयोग कोणी भांडणासाठी, कोणाला हिणवण्यासाठी किंवा स्वतःला मिरवण्यासाठी करू लागला, तर त्याला थांबवलेच पाहिजे. परंतु त्या गोठ्यात यांपैकी काय होते? कोणाचे नाव नव्हते, कोणाची टिंगल नव्हती. होती ती तहान, आणि त्या तहानेच्या मागे रंगवलेली आशा.

बाहेरचे काही गोठ्यात येऊ नये, हा नियम लावायचा झाला तर बैल आणि गाढव यांनाही बाहेर काढावे लागेल. संत लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, या दोन प्राण्यांचा करीत नाही. संदेष्टा यशया याच्या ग्रंथातील एका वचनाच्या आधारे श्रद्धावंतांनी त्यांना तेथे आणून उभे केले. 1223 साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेचियो येथे नाताळची रात्र साजरी केली, तेव्हा तेथे मूर्ती नव्हत्या. होते त्या डोंगरी गावातले गवत, जिवंत बैल व गाढव आणि मशाली घेऊन आलेले गावकरी. पुढे नेपल्सच्या कारागिरांनी गोठ्याभोवती आपला सारा बाजारच मांडला. त्यात मासेविके आले, खाटीक आले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली ग्रेचियो येथेच गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. शुभवर्तमानाशी वरवर संबंध नसलेल्या आकृती लोक गोठ्यात मांडतात, याचे त्यांनी त्या पत्रात स्वागतच केले आहे. जे जे खरोखर मानवी आहे, त्याला ख्रिस्ताच्या नव्या जगात जागा आहे, असा त्यांचा आशय होता.

यामागे आपल्या श्रद्धेचा गाभाच आहे. देव मनुष्य झाला तो एका ठरावीक गावात, शिरगणतीच्या धावपळीत, जागा नाकारल्या गेलेल्या एका कुटुंबात. जन्माचे ते गाव आपण पुसून टाकले की उरते ती दूरदेशीची एक गोड गोष्ट. कापसाच्या बर्फाने कोणाला त्रास होत नाही, कारण तो आपल्याविषयी काहीच बोलत नाही.

आपली ही अडचण जुनीच आहे. गोव्यात 1902 साली जन्मलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्याच धर्मबांधवांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ते पुण्याच्या आश्रमात राहून चित्रे काढत राहिले आणि 1967 साली निवर्तले. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. परंतु आपल्या आळीतली मुले तेच करू लागली की आपल्याला शिस्त आठवते.

मग तरुणांनी काहीही मांडावे का? नाही. त्यांच्या चित्रालाही प्रश्न विचारले पाहिजेत: हे सत्य आहे का? यात द्वेष आहे का? यातून बघणारा गव्हाणीपर्यंत पोहोचतो का? पण प्रश्न विचारणे वेगळे आणि काढून टाका म्हणणे वेगळे. मी त्या मुलांना एकदाही विचारले नाही की योसेफ रांगेत का उभा आहे. विचारले असते तर कदाचित त्यांनी सांगितले असते की आमचा बाप असाच उभा राहतो. तरुण मंडळी मिस्सेला येत नाहीत, आपल्याशी बोलत नाहीत, असे आपण वारंवार म्हणतो. ती बोलली होती. गवत आणि मातीच्या भाषेत बोलली होती. मी त्यांना सुबकपणे गप्प राहायला शिकवले आणि वर बक्षीस दिले.

ती मुलगी आज परदेशात नोकरी करते असे ऐकतो. तिला उत्तर देणे राहून गेले, ते येथे देतो. बाळ, तो टँकर गोठ्यात राहायला हवा होता. बाळ येशूकडे बघण्याच्या आड तो येत नव्हता. आड आलो तो मी.