पाठलागाची हद्द

फरार माणसावर इनाम लावण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. उमाजी नाईकांना पकडून देणाऱ्यास इंग्रज सरकारने दहा हजार रुपये आणि जमीन जाहीर केली होती. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उतरोलीत ते फितुरीने हाती लागले. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला, तेव्हा छडा लावणाऱ्यासाठी वीस हजारांचे बक्षीस निघाले. पहिले इनाम माणूस आणून देण्याचे होते, दुसरे माहितीचे. माहिती देणारा खबर पुरवून बाजूला होतो, पुढची जबाबदारी पोलिसांची. माणूस आणून देणारा मात्र दुसऱ्याच्या अंगावर हात टाकतो, त्याला बांधतो, कोंडतो. हे काम सरकारने करायचे म्हटले तर वॉरंट लागते, कारण लिहून द्यावे लागते, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. इनामासाठी धावणाऱ्याने हद्द ओलांडून ते केले, तर त्याचा जाब कोणी आणि कुठे विचारायचा, हा या विषयातला खरा पेच आहे.

अशा धंद्याला राजरोस मान्यता आहे ती अमेरिकेत. तिथे आरोपीला जामीन राहणे हा व्यवसाय आहे. रकमेच्या साधारण दहा टक्के शुल्क घेऊन जामीनदार कोर्टाला हमी देतो. आरोपी पळाला तर सारी रक्कम त्याच्या बोकांडी बसते, म्हणून तो भाड्याने माणसे लावून त्याला शोधून आणतो. ही माणसे म्हणजे बाउंटी हंटर. १८७२ च्या टेलर विरुद्ध टेंटर या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जामीनदार पळालेल्याला दुसऱ्या राज्यात जाऊनही धरू शकतो आणि त्यासाठी नव्या वॉरंटची गरज नाही. इलिनॉय, केंटकी, ओरेगॉन आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी पुढे हा धंदाच बंद केला. भारतात त्याला मुळात जागा नाही. आरोपीकडून मोबदला घेऊन जामीन राहण्याचा करार आपल्या कोर्टात टिकत नाही. नको वाटले तर जामीनदाराने कोर्टाकडे अर्ज करावा आणि मोकळे व्हावे. आरोपीला हजर करण्याचा हुकूम कोर्ट काढते.

एका देशातल्या दोन राज्यांमध्ये जे खपले, ते दोन देशांमध्ये खपत नाही. १९८१ मध्ये टोरांटोत राहणाऱ्या सिडनी जाफे या जमीन व्यावसायिकाला जामीन कंपनीच्या दोघांनी त्याच्या घराबाहेरून उचलले आणि फ्लोरिडात नेले. फ्लोरिडाच्या दृष्टीने तो फरार आरोपी होता. कॅनडाच्या दृष्टीने ते सरळ अपहरण होते. कॅनडाने त्या दोघांचे प्रत्यार्पण मागितले, मिळवले आणि त्यांना दोषी ठरवले. २००३ मध्ये टीव्हीमुळे पुढे जगभर गाजलेल्या ड्वेन चॅपमनने मेक्सिकोच्या प्वेर्तो वायार्तात अँड्र्यू लस्टरला पकडले. लस्टर अनेक बलात्कारांचा दोषी होता. खटला चालू असताना पळाला होता आणि त्याला १२४ वर्षांची शिक्षा झाली होती. इतका नीच गुन्हेगार पकडणाऱ्याला कोण नावे ठेवील? पण मेक्सिकोत असा धंदा गुन्हा आहे. पोलिसांनी चॅपमनलाच अटक केली. लस्टरला अमेरिकेत रीतसर परत पाठवले गेले, आणि चॅपमनला बक्षिसाची रक्कम देण्यास कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशाने नकार दिला, कारण त्याने मेक्सिकोचा कायदा पाळला नव्हता. गुन्हेगारही परत आला आणि अपहरणाचा मोबदलाही मिळाला नाही, असा निकाल या क्षेत्रात क्वचितच लागतो.

एरवी न्यायालये डोळे मिटतात. फ्रेडरिक केर या फरार आरोपीला पेरूतून आणायला निघालेल्या, पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेच्या माणसाच्या खिशात प्रत्यार्पणाची रीतसर कागदपत्रे होती. तेव्हा लिमा चिलीच्या फौजेच्या ताब्यात होती. त्याने कागद कोणाला दाखवलेच नाहीत, केरला जबरदस्तीने जहाजावर चढवले. आरोपी कसा आला हे आपण पाहत नाही, असे १८८६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालय म्हणाले. १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने तेच पुन्हा सांगितले. मेक्सिकोतले डॉक्टर उंबेर्तो आल्वारेझ माचाइन यांच्यावर एका अमेरिकी अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याच्या छळात हात असल्याचा आरोप होता. अमेरिकी यंत्रणेने बक्षीस लावून मेक्सिकन माणसांकरवी त्यांना ग्वादालाहारातल्या दवाखान्यातून उचलले आणि खासगी विमानाने एल पासोला आणले. सहा विरुद्ध तीन मतांनी खटला चालवण्यास हरकत नाही असे ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस खटला उभा राहिला, आणि पुरावा अपुरा म्हणून न्यायाधीशाने डॉक्टरांना सोडून दिले. ‘गुन्हेगार आहे, मग कसाही आणला तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्यांनी ही तारीखवार हकीकत लक्षात ठेवावी. गुन्हेगार कोण हे खटल्यानंतर कळते. उचलून आणणे खटल्याआधी होते.

जालन्याच्या वाचकाला या साऱ्यासाठी टोरांटोपर्यंत जायचे कारण नाही. जिल्ह्याची पूर्वेची शीव बुलढाण्याला लागते आणि आज देऊळगाव राजाला जाताना ती ओलांडल्याचे कळतही नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तेव्हापासून १९४७ पर्यंत या शिवेच्या अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे इंग्रजी अंमल होता. इकडचा दरोडेखोर तिकडे, तिकडचा इकडे. म्हणूनच १८६७ मध्ये निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यात गुन्हेगार परत करण्याचा करार झाला. करार असूनही ताकदवान बाजूला घाई असे. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे वॉरंट घेऊन इंग्रज पोलिसांनी निजामाच्या हद्दीतल्या शंकरपल्ली रेल्वे स्थानकावर मुहम्मद युसुफुद्दीन या निजामाच्या प्रजाजनाला लाचेच्या आरोपावरून पकडले. रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार निजामाने दिला आहे, असा त्यांचा आधार होता. १८९७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला: रेल्वेच्या कारभारासाठी दिलेला अधिकार रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी वापरता येत नाही, अटक बेकायदा. साम्राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायासनाने मांडलिक संस्थानाची हद्द साम्राज्याच्याच पोलिसांविरुद्ध मानली, ही साधी गोष्ट नव्हे.

याच हद्दीने वेगळ्या लोकांनाही आसरा दिला. रँडच्या खुनानंतर बाळकृष्ण चापेकर निजामाच्या मुलखात लपले होते. तिथेच पकडले जाऊन मे १८९९ मध्ये त्यांना फाशी झाली. पन्नास वर्षांनी वारे उलटे वाहिले. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातले स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते शीव ओलांडून बाहेर पडले आणि उमरखेड, बार्शी अशा ठिकाणच्या सरहद्दीवरील छावण्यांतून लढले. निजामाच्या दप्तरी ते फरार आरोपीच होते. त्यांना बार्शीतून उचलून हैदराबादला नेण्यासाठी कोणी इनाम घेऊन आले असते, तर त्याला मराठवाड्यात आज कोणत्या नावाने ओळखले असते?

सर्वांत मोठे उदाहरण सावरकरांचे. नाशिक कटाच्या खटल्यासाठी लंडनहून ‘मोरिया’ बोटीने आणले जात असताना ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी उडी मारली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. एका फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि बोटीवरच्या पोलिसांच्या हवाली केले; कोर्ट नाही, कागद नाही, काही मिनिटांत सारे उरकले. फ्रान्सने पुढे तक्रार केली आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने मान्य केले की अटक आणि हवाली करणे नियमाला धरून नव्हते. पण त्यामुळे कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. तोवर मुंबईत शिक्षा होऊन गेली होती. अटक बेकायदा, म्हणून कोर्टाला अधिकार नाही, हा बचाव सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या खास न्यायासनाने मानला नव्हता. आरोपी समोर आहे, एवढे पुरे.

महाराष्ट्रात त्या निवाड्याला अन्याय म्हणण्याची परंपरा आहे आणि ती योग्यच आहे. पण मग ती निवडून वापरता येत नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या सुमारे साडेतेरा हजार कोटींच्या घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी २०१८ च्या जानेवारीत देशाबाहेर गेला. मे २०२१ मध्ये तो अँटिग्वातून नाहीसा झाला आणि शेजारच्या डॉमिनिकात सापडला. आपल्याला पळवून नेले, असे त्याचे म्हणणे. भारत सरकारने आपला संबंध नाकारला. त्याला आणायला भारतातून विमान गेले होते, ते रिकामे परतले. त्यावेळी कसे का होईना, आणला म्हणजे झाले, असा सूर इथल्या चर्चांमध्ये सर्रास होता. नुकसान मात्र भारताचे झाले. पळवून नेल्याच्या तक्रारीच्या आधाराने त्याने इंटरपोलच्या समितीपुढे दाद मागितली आणि २०२२ मध्ये त्याच्याविरुद्धची रेड नोटीस उठली. एप्रिल २०२५ मध्ये तो बेल्जियममध्ये पकडला गेला, तो भारताच्या रीतसर विनंतीवरून.

रीतसर मार्ग लांब असतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये सोपवले ते फाशी देणार नाही, पंचवीस वर्षांहून अधिक तुरुंगवास देणार नाही, या लेखी हमीवर. मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांत माणसे गमावलेल्यांना ती हमी जाचली असणार. तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला ती पाळायला सांगितले. हमी मोडली असती, तर पुढच्या वेळी भारताच्या शब्दावर कोणत्या देशाने माणूस दिला असता?

एवढी उदाहरणे दिल्यावर जिल्ह्यातल्याच एका गोष्टीकडे पाहणे भाग आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम वाहतूकदाराकडून उचल घेतो, ती कोयत्यामागे मजुरांना देतो. कधी मुकादम पैसे घेऊन गायब होतो, कधी मजूर अर्ध्यातून परततात, कधी दोन ठिकाणची उचल घेतलेली असते. वाहतूकदाराने ट्रॅक्टरसाठी बँकेचे कर्ज काढलेले असते. लाखो रुपये बुडाल्यावर तो नाडला जातो, हेही खरेच. मग गाड्या निघतात. मुकादमाला किंवा मजुराला, कधी त्याच्या मुलाला वा भावाला गावातून उचलायचे, शे-दोनशे कोसांवर नेऊन खोलीत कोंडायचे, पैसे येईपर्यंत सोडायचे नाही. अशा बातम्या मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत हंगामागून हंगाम येतात. हे काम करणाऱ्या पोरांना बाउंटी हंटर हे नाव ठाऊक नसेल. धंदा तोच आहे, फक्त इथे वॉरंटही नसते आणि कोर्टातला आरोपही.

कायद्यात संदिग्धता नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणूस दुसऱ्याला पकडू शकतो ते दोनच परिस्थितींत: त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर, किंवा समोरचा उद्घोषित गुन्हेगार असेल तर, आणि मग सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे दिलेच पाहिजे. बुडवलेली उचल यातल्या कशातच बसत नाही. ती वसूल करायला दिवाणी दावा आहे, फसवणूक असेल तर फिर्याद आहे. उचलीपोटी माणसाला कामाला जुंपून ठेवणे तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. प्रत्यक्षात मात्र पोलीस ठाण्यात ‘आपसातला देण्याघेण्याचा विषय’ म्हणून बोळवण होते आणि घरचे दागिने मोडून माणूस सोडवून आणतात.

फरार माणसाची खबर देणाऱ्याला सरकारने खुशाल बक्षीस द्यावे. अंगाला हात लावण्याचा अधिकार मात्र विकत देऊ नये, देशाबाहेर नाही आणि तालुक्याबाहेरही नाही. आणि पळवून आणलेला आरोपी समोर उभा राहिला, तर त्याला कसे आणले हे कोर्टाने आधी विचारावे. उचलीचा व्यवहार बँक खात्यातून आणि लेखी व्हावा, म्हणजे बुडालेल्या वाहतूकदाराला दाद मागायला कागद राहील. आणि गावातून माणूस उचलून नेला, अशी तक्रार घेऊन त्याची बायको ठाण्यात आली, तर देण्याघेण्याची चौकशी नंतर करून आधी अपहरणाचा गुन्हा नोंदवावा. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही.